साडेसात रुपयांची अट

एका जुन्या स्पर्धेपासून सुरुवात करू. साल १९२९. बक्षीस एक लाख रुपये. त्या काळी लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ही स्पर्धा कोणा कारखानदाराने किंवा सरकारने जाहीर केलेली नव्हती. महात्मा गांधींच्या प्रेरणेने चालणाऱ्या अखिल भारत चरखा संघाने ती जाहीर केली होती, आणि बक्षीस होते नवा, सुधारलेला चरखा तयार करणाऱ्यासाठी.

यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता असे गांधीजींविषयी सर्रास सांगितले जाते. ज्यांना तसे वाटते त्यांनी या स्पर्धेच्या अटी एकदा वाचाव्यात. चरखा हलका हवा, उचलून नेता यावा, आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालवता यावा. एखाद्या बाईला फारसे न थकता तो सलग आठ तास चालवता आला पाहिजे. तो भारतातच तयार व्हावा आणि त्याचा खर्च दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. नीट निगा राखली तर तो वीस वर्षे चालावा. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. याशिवाय सूत किती निघावे आणि किती बारीक निघावे, याच्याही अटी होत्याच.

दीडशेचे शेकडा पाच म्हणजे साडेसात रुपये. मला या सर्व अटींत ही साडेसात रुपयांची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. नवे यंत्र बनवणारा माणूस त्याचा वेग सांगतो, उत्पादन सांगतो, कार्यक्षमता सांगतो. ते मोडले म्हणजे काय होईल, कोण दुरुस्त करील आणि त्याचे पैसे कोण देईल, हे सहसा सांगत नाही. येथे मात्र यंत्र जन्माला येण्याआधीच त्याच्या दुखण्याखुपण्याचा खर्च ठरवून दिला होता. अटींची ती यादी पुन्हा डोळ्यांखालून घाला. सुताविषयी बोलणाऱ्या अटी थोड्या आहेत. बाकीच्या सगळ्या त्या बाईविषयी, तिच्या घराविषयी आणि तिच्या गाठीच्या पैशांविषयी आहेत.

एका जागी तयार झालेले तंत्र दुसऱ्या जागी नेऊन रुजवणे, याला तंत्रविद्येचे हस्तांतरण असे भारदस्त नाव आहे. हा शब्द ऐकला की आपल्याला परदेशी कंपनीशी केलेले करार आठवतात. त्याचे एक उदाहरण आपल्या वर्ध्याशी नाते सांगणारे आहे. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या घराण्याने पुढे बजाज ऑटो ही कंपनी उभी केली. तिने इटलीच्या पियाज्जो कंपनीशी करार करून १९६०च्या सुमारास व्हेस्पा स्कूटर बनवण्याचा परवाना मिळवला. १९७१ साली हा करार संपला. तोवर इथल्या इंजिनियरांच्या आणि कामगारांच्या हाती ती विद्या बसली होती, आणि लगोलग 'चेतक' रस्त्यावर आली. या प्रकारात देणाराही कारखाना असतो आणि घेणाराही कारखानाच. दोघांनाही नकाशे वाचता येतात, दोघांच्याही भिंतीवर तेच मोजमाप असते. तरीसुद्धा पुण्यातला कारखाना ही गोष्टीची अर्धीच बाजू. स्कूटर देशभर पसरली याचे श्रेय तालुक्या-तालुक्याच्या चौकात पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या मेकॅनिकलाही जाते. प्लग कसा साफ करायचा, स्कूटर कोणत्या बाजूला कलती करून मग किक मारायची, हे त्याने गिऱ्हाइकाला शिकवले. त्याचे नाव कोणत्याही करारावर नव्हते.

आता देणारी प्रयोगशाळा आहे आणि घेणारी आहे सेलू किंवा देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई, असे समजा. इथे नकाशा कामाचा नाही. करार तर नाहीच. हे हस्तांतरण पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि ते कसे अवघड आहे हे पाहण्यासाठी वर्ध्यासारखी दुसरी जागा नाही.

वर्धा स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर मगनवाडी आहे. चरखा सुधारण्यासाठी आयुष्य वेचणारे मगनलाल गांधी १९२८ साली वारले, त्यांच्या नावाची ही जागा. ही जमनालालजींची बाग होती. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्यांनी ती संघाला दिली. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे या संघाचे चिटणीस होते. तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ, जाते, चूल अशा साध्या गोष्टींवर इथे प्रयोग होत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते येथे मगन संग्रहालय उघडले. पुढे याच आवारात जमनालाल बजाज यांच्या नावाची केंद्रीय संशोधन संस्था आली, आणि २००८ साली दिल्लीच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने तिचे रूपांतर महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले. म्हणजे हातातल्या टकळीपासून सूर्यशक्तीवरच्या चरख्यापर्यंतचा प्रवास एकाच कुंपणात पाहायला मिळतो. संग्रहालयात गेलात तर चरख्यांच्या ओळीपुढून घाईने जाऊ नका. त्यातले प्रत्येक यंत्र म्हणजे कोणाच्या तरी तक्रारीला दिलेले उत्तर आहे.

हे म्हणणे थोडे उलगडून सांगतो. साध्या चरख्यात एक मोठे चाक आणि एक चाती असते. चाती म्हणजे जिच्यावर सूत पिळले आणि गुंडाळले जाते ती फिरती सळई. चाकाचा व्यास चातीच्या गिरकीच्या व्यासाच्या पन्नासपट असेल, तर चाकाचा एक फेरा म्हणजे चातीचे पन्नास फेरे. वेग वाढवायचा तर चाक मोठे करावे लागते, आणि चाक मोठे झाले की चरखा घरभर होतो. ही पहिली तक्रार. तिचे उत्तर म्हणजे पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी आकाराला आणलेला पेटीचरखा. त्यात एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके असतात. पहिले चाक दुसऱ्याला आठपट वेगाने फिरवत असेल आणि दुसरे चातीला बारापट, तर एकूण वेग आठ गुणिले बारा, म्हणजे शहाण्णव पट. दहावीच्या मुलाने सोडवावे असे हे गणित आहे. पण त्यामुळे चरखा पुस्तकासारखा मिटून काखेत घेता येऊ लागला.

दुसरी तक्रार हाताची. एक हात चाक फिरवण्यात अडकतो, मग धागा ओढायला एकच हात उरतो. प्रभुदास गांधी यांनी चाकाला पायटा लावला, दोन्ही हात मोकळे केले आणि दोन चात्यांवर दोन धागे काढण्याची सोय केली. हाच मगन चरखा. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर भारतात येऊन भारतानंद झाले होते. त्यांनी धनुष्याच्या दोरीने फिरणारी धनुष टकळी तयार केली. चरखा घेण्याचीही ऐपत नसलेल्यासाठी ते उत्तर होते. बांबू, दोरी आणि एक सळई एवढ्यावर काम भागते. मोडली तर घरीच दुसरी करता येते. साडेसात रुपयेही लागत नाहीत!

मात्र एक लाखाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करवाडीसारख्या नावाजलेल्या कारखान्यातूनही एक यंत्र या स्पर्धेत उतरले होते. नांगर आणि पंप बनवणाऱ्यांनाही ते जमले नाही, यावरून अटी किती कठीण होत्या ते दिसते. पण अटी सैल केल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९च्या सुमारास तामिळनाडूतील एकंबरनाथन या कारागिराने एक नवाच चरखा बनवला. त्याच्याच नावावरून तो 'अंबर' चरखा झाला. हा चरखा वंशाने जुन्या चरख्याचा नव्हे, गिरणीतल्या यंत्राचा आहे. जुन्या चरख्यावर आपण आधी धागा ओढून पिळतो, मग थांबून तो चातीवर गुंडाळतो, पुन्हा ओढतो. थांबण्यात बराच वेळ जातो. गिरणीतल्या यंत्रात पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता होते. त्यासाठी चातीभोवती एक कडे असते आणि त्या कड्यावर पोलादाची एक चिमुकली अर्धवट कडी भिरभिरत राहते. धागा तिच्यातून जातो. चातीपर्यंत पोचण्यापूर्वी कापसाचा पेळू लाटण्यांच्या जोड्यांमधून जातो. पहिली जोडी सावकाश फिरते, शेवटची वेगाने. पहिलीतून एक सेंटिमीटर पेळू आत जाईपर्यंत शेवटची आठ सेंटिमीटर बाहेर ओढत असेल, तर पेळू आठपट लांब होतो आणि त्याचा आडवा छेद एक-अष्टमांश उरतो. बोटांचे कसब लाटण्यांनी घेतले. एका हाताने दांडा फिरवत एक बाई चार चात्यांवर सूत काढू लागली.

गिरणीतली कल्पना तामिळनाडूतल्या एका कारागिराच्या हातून झोपडीत शिरली. तंत्रविद्येच्या हस्तांतरणाचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. १९५५ साली प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लहान उद्योगांविषयीचा आपला अहवाल दिला. देशाला लागणाऱ्या जादा कापडाचे सूत अंबर चरख्यावर निघू शकेल, अशी मोठी आशा त्या वेळी होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत हजारो चरखे बनले. ते शिकवण्यासाठी परिश्रमालये निघाली. नाव किती चांगले आहे पाहा!

आणि मग बरेच चरखे बंद पडून राहिले. का?

यंत्र खोटे नव्हते. कारणे बारीकसारीक होती आणि ती सगळी यंत्राच्या बाहेरची होती. पहिले अंबर चरखे बरेचसे लाकडी होते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लाटण्यांमधले अंतर केसभर चुकले की सूत जाडबारीक येते. दुसरे कारण हवेचे. कापसाचा धागा कोरड्या हवेत लवकर तुटतो. म्हणून तर गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात, आणि मुंबईची दमट हवा गिरण्यांना मानवली. आता मे महिन्यातली वर्ध्याची झोपडी डोळ्यांपुढे आणा. पारा पंचेचाळीसपाशी, हवेत ओलावा जवळजवळ नाही. चार चात्यांवरचे चार धागे आळीपाळीने तुटत आहेत, प्रत्येक वेळी दांडा सोडून धागा सांधावा लागतो आहे. चात्या चार असल्या तरी सूत चौपट कुठून निघणार?

तिसरे कारण ती भिरभिरणारी पोलादी कडी. ती झिजते. जुन्या चरख्याची चाती वाकली तर गावचा लोहार ठोकून सरळ करीत असे. ही कडी त्याला बनवता येत नाही. ती शहरातून यायची, आणि येईपर्यंत चरखा बसून. चौथे कारण पेळूचे. अंबर चरख्याला एकसारखा, नेटका पेळू लागतो. सुरुवातीला तो घरीच तयार करण्यासाठी चरख्याच्या जोडीला पिंजण्याचे आणि पेळू वळण्याचे असे दोन वेगळे संच दिले जात. ते काम कातण्याहूनही जिकिरीचे. म्हणून पुढे पेळू मोठ्या केंद्रीय कारखान्यांत बनवून पुरवण्याची पद्धत आली. प्रश्न सुटला, आणि दुसरा उभा राहिला. पेळू आला तर चरखा चालतो, नाही आला तर बाई हात बांधून बसते. ज्या जिल्ह्यात दारापुढे पांढरे सोने पिकते, त्या जिल्ह्यातल्या बाईने कापसाची वाट पाहत बसायचे, ही गंमत म्हणायची की शोकांतिका, तुम्हीच ठरवा.

या चारांपैकी एकही कारण प्रयोगशाळेतल्या चाचणीत दिसले नसते. तिथे लाकूड मुरलेले असते, पेळू उत्तम असतो, कडीचा डबा कपाटात असतो आणि चरखा चालवणारा पगारी माणूस असतो. यंत्र तिथे उत्तम गुणांनी पास होते.

पगारी माणसाचा उल्लेख मी मुद्दाम केला. यंत्र कितीही चांगले असले तरी त्यावर दिवसभर राबून हाती काय पडते, हा प्रश्न राहतोच. तो प्रश्न वर्ध्यात एका माणसाने फार सरळ रीतीने सोडवायला घेतला होता. १९३५ साली विनोबा भावे वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहत होते. कातणारीला मिळते त्याच मजुरीवर आपणही जगून पाहू, असे त्यांनी ठरवले आणि रोज आठ तासांहून अधिक काळ सूत कातू लागले. विनोबांचा हात सराईत होता, शिस्त कडक होती, गरजा नावापुरत्या होत्या. तरी त्या मजुरीत एका माणसाचेही धड भागेना. मग लेकुरवाळ्या बाईचे कसे भागत असेल? त्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. खादी महाग होईल, गिऱ्हाईक पळेल, असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तरी मजुरी वाढवली गेली.

आपण पदार्थविज्ञानात उपकरणाची त्रुटी मोजतो. विनोबांनी इथे काय मोजले? चरखा तोच, सूत तेच, चातीचे फेरे तेवढेच. त्यांनी मोजली ती चरख्यापुढे बसलेल्या माणसाची बाजू, आणि ती मोजण्यासाठी ते स्वतः तिथे जाऊन बसले. प्रत्येक संशोधकाने असे उपास काढावेत असे मी म्हणणार नाही. पण आपण बनवलेले यंत्र एक आठवडा, रोज आठ तास, स्वतः चालवून पाहावे, एवढी अपेक्षा जास्त नव्हे. माझ्या पाहण्यात आलेली किती तरी 'ग्रामोपयोगी' यंत्रे त्यांच्या निर्मात्याने उद्घाटनाच्या दिवशी पाच मिनिटे चालवलेली होती.

आता अलीकडची गोष्ट. अंबरनंतर न्यू मॉडेल चरखा आला. तो लोखंडी असल्याने लाकडाचा प्रश्न मिटला आणि चात्यांची संख्या वाढत गेली. चारच्या आठ, आठाच्या बारा. पण इथे भौतिकशास्त्र आडवे येते. धडधाकट माणूस पायांनी तासन्‌तास काम करील तेव्हा साधारण पाऊणशे वॅट, म्हणजे एक-दशांश अश्वशक्ती देऊ शकतो. एकट्या हाताने दांडा फिरवायचा तर त्याच्या निम्मीच धरा. समजा, एका चातीला घर्षणासकट सहा वॅट लागतात. चार चात्यांना चोवीस वॅट, हाताला झेपतील. आठांना अठ्ठेचाळीस, बारांना बहात्तर. ज्या बाईने पहाटे पाणी भरले, भाकऱ्या थापल्या आणि दुपारी पुन्हा शेतात निंदायला जायचे आहे, तिच्या खांद्यातून हे वॅट दिवसभर कसे निघणार? न थकता आठ तास, ही १९२९ची अट चात्या वाढवण्याच्या नादात मागे पडली होती.

म्हणून सूर्यशक्तीचा विचार पुढे आला. छपरावर सौर पट्टी, खाली लहानशी मोटर. वर्ध्याच्या संस्थेतही सौर चरख्यावर काम झाले. बिहारमध्ये नवादा जिल्ह्यातल्या खानवा गावी २०१६ साली प्रायोगिक स्वरूपात हे चरखे चालू झाले, आणि २७ जून २०१८ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सौर चरख्याच्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ झाला. पन्नास समूह आणि साडेपाचशे कोटी रुपये, असा तिचा आराखडा होता. मोटर दांडा फिरवते, बाईचे दोन्ही हात तुटलेला धागा सांधायला मोकळे राहतात. मगन चरख्याने पायट्याने जे साधले तेच हे, पुढच्या पायरीवर.

आणि इथे एक गंमतशीर पेच पडला. १९५६च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्याप्रमाणे खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड. मोटरने कातलेले सूत हाताने कातलेले कसे म्हणावे? तेव्हा या कापडाला खादी म्हणता येईना, त्याला 'सोलर वस्त्र' असे वेगळे नाव घ्यावे लागले. एका बाजूचे लोक म्हणतात, हा शब्दच्छल आहे, बाईचे श्रम वाचत असतील तर खादी म्हणा. दुसरी बाजू म्हणते, मोटर आली की मग गिरणी काय वाईट होती?

माझे मत विचाराल तर नाव वेगळे ठेवले हे बरेच झाले. हाताने कातलेले म्हणून जास्त पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला मोटरचे सूत देणे म्हणजे फसवणूक होईल, आणि अजून हातानेच कातणाऱ्या बाईच्या पोटावर पाय येईल. पण नावाच्या या वादात खरा प्रश्न बाजूला राहतो असे मला वाटते. तो चरखा कोणाच्या छपराखाली असणार, हा तो प्रश्न. तो बाईच्या घरी असेल तर ती आपल्या सवडीने कातेल, मूल निजले की बसेल, पण मोटर बंद पडली तर दुरुस्तीवाला तिच्या गावापर्यंत पोचला पाहिजे, आणि सौर पट्टीवरची धूळ पुसण्यापासून सगळे तिला शिकवले पाहिजे. पन्नास चरखे एका शेडमध्ये मांडले तर दुरुस्ती सोपी, पेळूचा पुरवठा सोपा, हिशेब सोपा. मात्र बाई मग घड्याळाच्या काट्यावर येणारी रोजंदारीची कामगार होते. शेड म्हणजे वाईटच असे नाही. घरच्या कटकटीतून सहा तास सुटका झाली म्हणून शेडच पसंत करणाऱ्या बायाही असतील. पण ही निवड तिने करायची की योजनेच्या कागदावर आधीच झालेली असायची? माझ्या दृष्टीने या नव्या चरख्याची कसोटी इथे आहे. मोटर किती वॅटची हा नंतरचा मुद्दा.

हा रोग फक्त चरख्याला आहे असे समजू नका. मगनवाडीच्याच परंपरेत १९४०च्या दशकात बिनधुराची 'मगन चूल' तयार झाली. पुढे सरकारने १९८३पासून २००२पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या. धुराने डोळे आणि फुप्फुसे जळणाऱ्या बायांसाठी याहून चांगले काम कोणते? तरीही त्यांतल्या कितीतरी चुली थोड्याच काळात मोडून पडल्या किंवा अडगळीत गेल्या. धुरांड्यातली काजळी साफ कोणी करायची ते ठरले नव्हते. चुलीचे तोंड लहान, आणि घरात येणारे सरपण, म्हणजे पऱ्हाट्या आणि बाभळीच्या वेड्यावाकड्या काटक्या. त्या फोडून बारीक करण्याचे नवे काम कोणाच्या वाट्याला आले असेल, ते सांगायला नको. इंधन किती वाचले याचा हिशेब झाला, पण सरपण फोडण्यात गेलेल्या वेळाचा तक्ता कोणी मांडला होता?

आता थोडे तुमच्याविषयी, आणि तुमच्या शिक्षकांविषयीही. दरवर्षी तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शने भरतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथली मुले मोठ्या हौसेने प्रतिकृती मांडतात. डवरणीचे यंत्र, कापूस वेचण्याचे यंत्र, सौर पंप, सगळे असते. परीक्षक विचारतात, यामागचे तत्त्व कोणते? मुलगा घडाघडा सांगतो. खर्च किती आला? तोही सांगतो. प्रश्न तिथे संपतात. शिक्षकांना माझी सूचना आहे की, प्रतिकृतीशेजारी टाचण्याच्या तक्त्यावर आणखी एक कोरा कागद असावा, आणि तो मुलांनी प्रदर्शनापूर्वी गावात हिंडून भरून आणावा. हे यंत्र वापरणारी एक तरी व्यक्ती कोण, तिने ते किती वेळ चालवून पाहिले, चालवताना ती काय म्हणाली, यातला कोणता भाग आधी झिजेल, तो गावात कोण बनवून देईल आणि त्याचे किती पैसे पडतील. ती व्यक्ती "आम्हाला नको" म्हणाली असेल तर तेही तसेच लिहावे आणि त्याचे गुण कापू नयेत. उलट, नको म्हणण्याचे कारण ज्याने नीट विचारून लिहून आणले त्याला दोन गुण जास्त द्यावेत.

कापूस वेचण्याच्या यंत्रापासूनच सुरुवात करायला हरकत नाही. आपल्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. कंबरेला ओटी बांधून बाया दिवसभर वेचतात, मजुरी किलोवर मिळते. अमेरिकेतले प्रचंड वेचणी यंत्र आपल्या शेतात चालत नाही, कारण आपली बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत. वेचण्या तीन-चार होतात. हाताने धरायचे लहान यंत्र बनवायचे तर आधी एक दिवस वेचणाऱ्या बाईच्या मागोमाग तासात चालून पाहा. तिचे किती वजन ओटीत असते, मनगट दुखते की पाठ, बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटे कुठे फाटतात, हे वहीत टिपून घ्या. आणि यंत्राने वेचणी दुप्पट झाली तर किलोचा भाव तोच राहील की उतरेल, हेही तिलाच विचारा. त्याचे उत्तर तिच्याजवळ तयार असते.